वाळूसारखा बर्फ

तापीच्या कोरड्या पात्रातून भरलेली बैलगाडी बाहेर काढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ध्रुवावरच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीची, गोष्ट चटकन कळेल. चाक वाळूत रुतते, बैलांच्या माना ताणतात, गाडीवान खाली उतरून खांदा लावतो. उणे तीसच्या खालचा बर्फ असाच वागतो. एरवी घर्षणाने बर्फाचा वरचा थर किंचित ओलसर होऊन स्लेज सरकते. कडाक्याच्या थंडीत तो ओलावाच सुटत नाही आणि कण वाळूसारखे धरून ठेवतात. आपल्याकडे सातपुड्यात डाब-तोरणमाळला दवबिंदू गोठले तरी बातमी होते; त्या थंडीच्या कितीतरी खालची ही थंडी.

स्कँडिनेव्हियाच्या उत्तरेकडचे सामी लोक होडीच्या आकाराची 'पुल्क' रेनडिअरला जुंपत. आजच्या मोहिमांतल्या स्लेजलाही तेच नाव आहे. १८८८ मध्ये नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने पाच सोबत्यांसह ग्रीनलँड स्कीवरून, म्हणजे पायाला बांधलेल्या लांब पट्ट्यांवरून सरकत, ओलांडले. त्यात दोघे सामी होते. सुरुवात मुद्दाम ओसाड पूर्व किनाऱ्यावरून केली, कारण वस्ती पश्चिमेला होती आणि मागे फिरून काहीच हाती लागणार नव्हते. हलक्या स्लेज त्याने स्वतः आखल्या होत्या. वारा पाठीमागून आला की त्यांना शिडे लावली.

पुढे वाटा फुटल्या. १४ डिसेंबर १९११ रोजी नॉर्वेचा अमुंडसेन कुत्र्यांच्या स्लेज घेऊन दक्षिण ध्रुवावर पोचला. ब्रिटनच्या स्कॉटसह पाच जणांनी शेवटचा टप्पा स्वतः स्लेज ओढत गाठला, तोवर १७ जानेवारी १९१२ उजाडला होता. परतीच्या वाटेवर पाचही जण मरण पावले. शेवटच्या तंबूपासून अन्नाचा मोठा साठा सुमारे २० किलोमीटरवर होता. तरी त्यांच्या स्लेजवर १६ किलो दगड सापडले. त्यात ग्लोसोप्टेरिस या प्राचीन वनस्पतीचे जीवाश्म होते. विदर्भाच्या कोळसा पट्ट्यातही ही वनस्पती सापडते. मरणाच्या दारातही त्यांनी ते ओझे टाकले नाही, हे वाचून मला दर वेळी थांबावे लागते.

ओढण्याची युक्ती स्कीच्या तळाला आहे. तिथे केसाळ पट्टी लावतात, पूर्वी सीलच्या कातड्याची, आता मोहेर (अंगोरा शेळीची लोकर) किंवा नायलॉनची. बैलाच्या पाठीवरून हात फिरवून पाहा: केसांच्या दिशेने गुळगुळीत, उलट फिरवला की खरखरीत. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही.

घामाचे गणित मात्र आपल्या उलट. जळगावच्या मे महिन्यात घाम वाळतो म्हणून जीव तगतो. तिथे तो कपड्यांत गोठतो आणि थांबल्यावर अंग गारठवतो. म्हणून चढ लागायच्या आधीच एखादा थर उतरवतात आणि थांबताक्षणी जाड जाकीट चढवतात.

२९ डिसेंबर २००९ रोजी रीना कौशल धर्मशक्तू राष्ट्रकुल देशांतल्या महिलांच्या तुकडीबरोबर, सुमारे ९०० किलोमीटर स्लेज ओढत दक्षिण ध्रुवावर पोचल्या. स्कीवरून तिथवर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला.