डोळ्याखालची फरशी कशाची घालायची?

बायरन स्मिथ आणि विल्यम रेगन या डॉक्टरांनी 1957 साली अंगावर काटा आणणारा एक प्रयोग केला. मृतदेहाच्या मिटलेल्या पापणीवर हर्लिंग या आयरिश खेळातला चेंडू ठेवला आणि त्यावर हातोडा हाणला. फुटला तो डोळ्याच्या खोबणीचा तळ, कडेचं जाड हाड नव्हे. सीझन बॉल डोळ्यावर बसला की नेमकं हेच होतं.

हा तळ जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. नाकाकडची भिंत त्याहून पातळ, तिच्या लॅटिन नावाचा अर्थच कागदी पापुद्रा! तळाखाली सायनसची पोकळी असते. तळ फुटला की डोळ्याभोवतीची चरबी तिच्यात उतरते. मग डोळा खोल जातो, वर बघताना एकाचे दोन दिसतात, गाल बधिर होतो. (अशा वेळी नाक शिंकरू नये, हवा थेट खोबणीत शिरते.)

खोबणीत सुमारे 30 मिलिलिटर जागा असते. ती एका मिलिलिटरने वाढली तर डोळा साधारण एक मिलिमीटर आत सरकतो, आणि दोन मिलिमीटरचा फरक आरशात कळतो. म्हणून तळाला फरशी घालायची. पण कशाची?

रुग्णाच्याच कवटीचं किंवा कंबरेचं हाड शरीर बिनतक्रार स्वीकारतं. मात्र त्यासाठी दुसरी जखम करावी लागते आणि ते हाड पुढे थोडं झिजतं, म्हणजे भरलेली जागा पुन्हा रिकामी. सिलिकॉनची पट्टी स्वस्त आणि गुळगुळीत. पण ऊती तिच्यात रुजत नाहीत, नुसतं आवरण धरतं, आणि कधीकधी काही वर्षांनी ती जागा सोडते. सच्छिद्र पॉलिथिलीनमध्ये रक्तवाहिन्या शिरतात, ते कात्रीने कापताही येतं. पण सीटी स्कॅनमध्ये ते नीट दिसत नाही, त्यामुळे बसलंय कुठे हे ताडून पाहणं अवघड.

टायटॅनियमची जाळी स्कॅनमध्ये लख्ख दिसते, दिलेला बाक सोडत नाही, नंतर एमआरआयलाही सहसा अडचण येत नाही. तिच्या भोकांतून रक्त झिरपून जातं, हा फायदा मोठा, कारण डोळ्यामागे साठलेलं रक्त दृष्टी घेऊ शकतं. पण कापलेल्या कडांना चरबी अडकते, आणि जाळीतून ऊती आरपार वाढल्या की ती काढताना नाकी नऊ येतात. छोट्या भगदाडाला विरघळणारी पट्टीही पुरते.

लहान मुलांचं गणित वेगळं. त्यांचं हाड ओल्या फांदीसारखं लवतं आणि झडपेसारखं मिटून स्नायू पकडतं. डोळा वरून पांढराशुभ्र, पण मूल उलट्या करतं, नाडी मंदावते. डोक्याला मार लागलाय असं वाटून वेळ जातो. इथे फरशीपेक्षा अडकलेला स्नायू सोडवायची घाई महत्त्वाची.

मला विचाराल तर, पदार्थाइतकाच आकारही महत्त्वाचा. तळ सपाट नसतो, डोळ्याच्या गोळ्यामागे तो वर चढतो. सपाट पत्रा टाकला तर डोळा खोलच राहतो. म्हणून हल्ली चांगल्या बाजूच्या स्कॅनची आरशातली प्रतिमा घेऊन थ्रीडी प्रिंटरवर साचा काढतात आणि जाळी त्यावर वाकवतात.

जाळी बसली की सर्जन चिमट्याने डोळा धरून वर-खाली फिरवून बघतात. अडकला, तर जाळी कितीही महागाची असो, पुन्हा बाहेर.