पावसाळ्यात कपडे देताना एवढं वाचा, आणि पिशवीला गाठ मारू नका

पोरांनो, पोरींनो, आमच्या लाँड्रीचं हे पत्रक कृषी कॉलेजच्या दोन्ही हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावलंय आणि वर्गांच्या ग्रुपवरही टाकतेय. कारण दरवर्षी जून उजाडला की काउंटरवर तोच प्रश्न शंभर वेळा येतो, "काकू, अजून झाले नाहीत का कपडे? दोन दिवस म्हणाला होतात." हो, म्हणाले होते. कोरड्या लॉटला दोनच दिवस लागतात आणि तो वेळेवर मिळतोही. ज्यांचा उशिरा होतो त्यातल्या बहुतेकांची पिशवी उघडली की कारण तिथेच सापडतं.

चूक एकच आहे. ओले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबायचे, गाठ मारायची आणि पलंगाखाली ढकलायचे.

कसं होतं बघा. शुक्रवारी भातलावणीचं प्रॅक्टिकल असतं, गुडघ्यापर्यंत चिखलात उतरायचं, वरून पाऊस. संध्याकाळी रूमवर येऊन कपडे काढले की ते भिजलेलेच, वलणीवर आधीच रूम पार्टनरचे तीन दिवसांचे कपडे लटकतायत, मग घ्या पिशवी, मारा गाठ. आमचे काका कपडे न्यायला येतात सोमवारी आणि गुरुवारी. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ ते कपडे कोंडलेले. हा हिशोब कुणी करत नाही.

गेल्या वर्षी जुलैत सेकंड इयरच्या एका पोराची पिशवी आली, यवतमाळकडचा आहे. गाठ इतकी आवळलेली की कात्रीने कापली. आतून गरम वाफ आल्यासारखी वाटली, खोटं नाही सांगत, आणि असा कुबट वास की प्रेसवाल्या ताई टेबल सोडून बाहेर गेल्या. पांढरा ॲप्रन होता, त्याच्या कॉलरवर आणि खिशाच्या शिवणीवर मोहरीएवढे काळे ठिपके. खिशात प्रॅक्टिकल रेकॉर्डचं एक पान, त्याचा लगदा झालेला, तो सगळ्या कपड्यांना चिकटलेला. तो लॉट दोनदा भिजवला, दोनदा धुतला. वास गेला पण कॉलरवरचे ठिपके राहिले. पोरगा म्हणाला, "काकू, आमच्याकडे तर असं कधी होत नाही." बरोबर आहे राजा, तुमच्याकडे गच्चीवर टाकलेला शर्ट तासाभरात पापडासारखा वाळतो. इथे दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर, आणि जुलैत हवाच इतकी ओली असते की वलणीवरचा टॉवेल तिसऱ्या दिवशीही गार लागतो. लातूर, यवतमाळ, सोलापूर इकडून आलेल्यांना पहिलं वर्ष हे पटत नाही, दुसऱ्या वर्षी ते स्वतःच ज्युनिअरला सांगतात.

आता तुम्ही शेतीची पोरं, तुम्हाला मी बुरशी काय शिकवणार. पण परीक्षेच्या दिवसात तुम्ही काउंटरसमोर उभे राहून जे पाठ करत असता ना, डिसीज ट्रँगल, म्हणजे यजमान (ज्याच्यावर रोग येतो तो), रोगकारक आणि वातावरण या तिन्ही बाजू जुळल्या की रोग येतो, ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. घामट सुती ॲप्रन हा यजमान. बुरशीचे बीजाणू हवेत आणि मातीत असतातच, ते कुणी आणून टाकावे लागत नाहीत. राहिलं वातावरण, ते तुम्ही पिशवीला गाठ मारून तयार करून देता. तीन बाजूंपैकी दोन तुमच्या हातात नाहीत, तिसरी आहे. पॅथॉलॉजीत चांगले मार्क मिळवणाऱ्यांच्याही पिशव्या अशाच येतात, म्हणून बोलले.

एका पिशवीमुळे उशीर फक्त त्या एकाचा होत नाही. कुबट लॉट दुसऱ्यांच्या कपड्यांबरोबर मशीनला टाकता येत नाही, तो वेगळा भिजवावा लागतो, वेगळा धुवावा लागतो आणि नंतर रिकामं मशीन गरम पाण्यावर एकदा फिरवावं लागतं. मशीन दोन आहेत. सोमवारी अशा चार पिशव्या आल्या की एक मशीन अर्धा दिवस त्यांच्यातच अडकतं आणि ज्यांनी शहाण्यासारखे कपडे दिले ते बुधवारी येऊन मला विचारतात, काकू अजून का नाही. त्यांना काय सांगू, तुमच्या शेजारच्या रूममधल्याला विचारा?

मग करायचं काय. कपडे वाळवून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये, जुलैत ते मलाही जमणार नाही. फक्त घट्ट पिळा आणि पसरून ठेवा. खिडकीच्या गजाला, खुर्चीच्या पाठीला, कॉरिडॉरमधल्या दोरीला, कुठेही, पण घडी नको आणि ढीग नको. वारा लागला की झालं, ओले राहिले तरी चालतील. पाऊस आत येत असेल तर पागोळ्यांपासून हातभर लांब. जीन्स उलटी करून टांगा, खिसे बाहेर काढून, कारण खिशाचं अस्तर सगळ्यात शेवटी वाळतं आणि वास तिथूनच सुरू होतो. आणि पिशवी प्लॅस्टिकची नको. आमच्याकडे जाळीची पिशवी मिळते, तुमच्या टॅगचा नंबर घातलेली, 60 रुपये डिपॉझिट, फायनल इयरला परत केलीत की पैसे परत. जुनी सुती पिशवी किंवा उशीचा अभ्रा असेल तर तोही चालतो, माझीच घ्या असं नाही. पण जाळीच्या पिशवीतला लॉट मी उघडतच नाही, फार मळका नसेल तर तसाच मशीनमध्ये जातो, त्यामुळे मोजे हरवत नाहीत. मोज्यांवरून वर्षाला किती भांडणं होतात ते काकांना विचारा.

दुसरा उपाय, प्रॅक्टिकलच्या दिवशीच संध्याकाळी साडेसातपर्यंत गेटबाहेर दुकानात आणून द्या. सोमवार-गुरुवारची वाट बघू नका. त्याच दिवशीचे ओले कपडे आले तर किलोमागे 10 रुपये कमी घेते, 70 च्या जागी 60. हे ऐकून काहींना वाटतं काकूंना काहीतरी फायदा असेल. आहे ना, मला दोनदा धुवावं लागत नाही.

वजनावरून पण कुरबुर असते, तेही सांगून टाकते. ओले कपडे मी थेट काट्यावर घेत नाही, आधी स्पिन मारते मग वजन करते. त्यासाठी पाचेक मिनिटं थांबावं लागतं आणि मेसची वेळ झालेली असते म्हणून तुम्ही वैतागता. पण एकदा एका मुलीसमोरच तिची भिजलेली जीन्स आधी तशीच आणि मग स्पिन मारून काट्यावर ठेवली, फरक अर्ध्या किलोच्या वर निघाला. ते पाणी आभाळातून फुकट आलंय, त्याचे 35 रुपये तुम्ही मला का देताय? थांबायचं नसेल तर टॅग लावून पिशवी ठेवून जा, वजनाचा फोटो पाठवते.

काही जण म्हणतात हॉस्टेलमध्ये मशीन आहे की, लाँड्री कशाला. वापरा, खुशाल वापरा, टीशर्ट-ट्रॅकपँटला ते मशीन चांगलं आहे. पण त्याच्या पुढे ड्रायर नाही आणि मजल्यावरच्या सगळ्यांना मिळून दोरी तेवढीच. आमचा ड्रायर गॅसवर आहे, पंचेचाळीस-पन्नास मिनिटांत लॉट हातात गरम येतो. ड्रायर घ्यायचं डोक्यात आलं ते निसर्ग वादळानंतर. 3 जून 2020 ला ते आलं, दापोली तालुक्याची काय दशा केली ते इथल्यांना माहीत आहे, लाइट कितीतरी दिवस नव्हती. तेव्हा लॉकडाऊनमुळे कॉलेज बंद म्हणून निभावलं. पण मी तेव्हाच ठरवलं की पुढे विजेच्या आणि उन्हाच्या दोघांच्याही भरवशावर राहायचं नाही. ड्रम फिरवायला लागते तेवढी वीज छोट्या जनरेटरवर भागते, उष्णता गॅसची. लाइट गेली म्हणून कपडे राहिले असं कारण मी देत नाही, तुम्हीही ऐकलं नसेल.

आता डागांचं. यात माझं म्हणणं एवढंच की चिठ्ठी टाका. डाग कशाचा आहे ते दोन शब्दांत लिहा, बाकी मी बघते. स्वतः प्रयोग करू नका.

लाल माती: ती ओली असताना चोळू नका, वाळू द्या, झटका, ब्रश मारा, मग द्या. आणि पांढऱ्या ॲप्रनवर ब्लीचची बाटली तर अजिबात ओतू नका, आपल्या जांभ्याच्या मातीत लोह असतं, ब्लीचने ते डाग आणखी पिवळट तांबूस होऊन बसतात. काळ्या मातीतली पोरं घरची सवय म्हणून ओततात आणि मग माझ्याकडे रडत येतात.

काजूचा बोंडू: फेब्रुवारी-मार्चला बागेत गेलात की खाल्ल्याशिवाय राहवत नाही, मला माहीत आहे, मीही याच मातीतली. रस अंगावर सांडला तर लगेच साध्या पाण्याने धुवा, साबणाची वडी लावू नका, साबणाने तो डाग पक्का होतो. एकदा वाळून तपकिरी झाला की तो जाईल असं मी कबूल करणार नाही. इथल्या आज्या बागेत जाताना ठेवणीतला जुना झंपर घालतात, उगाच नाही.

फणसाचा चीक लागला तर आधी खोबरेल तेल चोळा, चीक सुटतो, मग तेलाचा डाग मी काढते. आंब्याच्या चिकाचं लगेच सांगा, कलमं बांधताना बाहीला लागतो आणि दिसतही नाही, धुऊन प्रेस केल्यावर तपकिरी उमटतो. कोकमाच्या डागाला साबण लावला की तो निळसर होतो, तेव्हा घाबरू नका, रंग बदलतो एवढंच, त्याच दिवशी आणलात तर बहुतेक वेळा निघतो.

खिशात पेन, कलमाची पट्टी, कात्री, बियाण्यांची पाकिटं. खिसे तपासा. मागे एका खिशातून भाताचं बी निघालं, ते गाळणीत अडकून चक्क रुजलं होतं. काका म्हणाले, उगवण चांगली आहे, सरांना दाखवा.

रावेला, म्हणजे गावात राहून करायच्या शेतीच्या कार्यानुभवाला, जाणाऱ्या सातव्या सेमच्या मुलांसाठी: तुम्ही तिथे पंधरा-पंधरा दिवसांचे कपडे साठवून आणता, तेव्हा पिशवी मोठी असते आणि वरची गोष्ट तुम्हाला दुप्पट लागू आहे. ग्रुपमधला एक जण शनिवारी दापोलीत येतोच, त्याच्याकडे सगळ्यांच्या टॅगच्या पिशव्या द्या, संध्याकाळच्या एसटीच्या आत जमेल तेवढं देते. पूर्ण लॉट मिळेलच असं नाही, पण ॲप्रन आणि एक जोडी नक्की.

गॅदरिंगच्या आठवड्यात नऊवारी, धोतर, ब्लेझर सगळं एकदम येतं. तीन दिवस आधी द्या. आदल्या रात्री दहाला शटर वाजवून "काकू, फक्त एकच इस्त्री" म्हणायचं बंद करा, त्या एकामागे बारा जण उभे असतात. साडीला फॉल नसेल तर तेही आधी सांगा, शेजारच्या शिंपीणबाई लावून देतात.

दर नेहमीचेच, वाढवलेले नाहीत: धुऊन-वाळवून-घडी 70 रुपये किलो, प्रेस नगाला 10. मान्सून पास जून ते सप्टेंबर, महिन्याला 12 किलो 700 रुपयांत, किलो उरले तर पुढच्या महिन्यात धरते, दोघा रूम पार्टनरनी मिळून घेतला तरी चालेल. कुबट लॉट दुसऱ्यांदा धुवायचे पैसे वर्षातून एकदा माफ आहेत, पहिल्यांदा कुणीही चुकतं. दुसऱ्या वेळेपासून निम्मा दर लावणार. यावरून कुणी वाईट वाटून घेऊ नका, ठिपके पडलेला ॲप्रन बदलायचा खर्च त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त आहे.

फर्स्ट इयरने टॅग करून घ्यायला या आठवड्यात कधीही संध्याकाळी पाचनंतर या, येताना हॉस्टेलचं आयकार्ड आणा. मार्करने नाव लिहून आणू नका, दोन धुण्यांत पुसतं.

आणि मागच्या सेमचे पडून असलेले: राखाडी हुडी (टॅग तुटलाय, डाव्या बाहीला आंब्याचा चीक), एनसीसीचा खाकी शर्ट, पिवळी ओढणी, सात मोजे ज्यांतल्या एकाचीही जोडी नाही. महिनाअखेरपर्यंत ओळख सांगून घेऊन जा, मोजे फुकट.