केगेल व्यायाम

श्रोणितलाचे (ओटीपोटाच्या तळाचे) स्नायू आवळण्याचा व सैल सोडण्याचा व्यायाम. हे स्नायू पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले असतात. मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय यांना त्यांचा आधार असतो. गर्भारपण, योनिमार्गे प्रसूती, जुनाट खोकला, शौचाला कुंथण्याची सवय आणि वाढते वय यांमुळे ही झोळी सैलावते. मग शिंकताना, हसताना, भरलेला हंडा उचलताना लघवीचे थेंब गळतात. काहींचे अंग बाहेर येते. ‘बाळंतपणानंतर व्हायचंच’ असे म्हणून पुष्कळ बायका घडीचे कापड ठेवतात, एसटीच्या प्रवासाआधी पाणी तोडतात, पण डॉक्टरांपुढे विषय काढत नाहीत.

अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली या व्यायामावर शोधनिबंध लिहिला आणि त्यांचेच नाव त्याला चिकटले. मात्र त्यांच्या पद्धतीचा निम्मा भाग पुढे गळून गेला. ते आधी बोटाने तपासून योग्य स्नायू आवळला जातो का ते पाहत आणि योनिमार्गातील दाब मोजणारे, ‘पेरिनिओमीटर’ नावाचे उपकरण वापरायला देत. काट्याची हालचाल पाहून बाईला आपले चुकते कुठे ते कळे. आज माहितीपत्रकांत उरले आहे ते बहुधा ‘आवळा आणि सोडा’ एवढेच.

ते पुरत नाही. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थोडक्यात तोंडी सूचना दिलेल्या ४७ स्त्रियांपैकी २३ जणींनाच व्यायाम नीट जमला; १२ जणींची पद्धत तर गळती वाढवू शकेल अशी होती. नेहमीची चूक म्हणजे वर खेचण्याऐवजी खाली जोर करणे. मांड्या-नितंब आवळणे आणि श्वास रोखणे याही तशाच चुका. वायू सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच थोडे पुढपर्यंत आणून आत-वर ओढायचे, ही खूण बहुतेकींना समजते. लघवीची धार मधेच तोडून रोज सराव करू नये. मूत्राशय पूर्ण रिकामे होण्यात त्याने अडथळा येतो.

खोकताना-शिंकताना होणाऱ्या गळतीवर ब्रिटनमधील ‘नाइस’ ही उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणारी संस्था फिजिओथेरपिस्टसारख्या जाणकाराच्या देखरेखीखाली किमान तीन महिने, दिवसातून तीनदा, दर वेळी किमान आठ आकुंचने सुचवते. शिंक येणार असे वाटताच आधी आवळून धरण्याची युक्तीही शिकवतात. हठयोगातील मूलबंध व अश्विनी मुद्रा यांत असेच आकुंचन असले, तरी त्यांचा हेतू वेगळा.

सर्वच तक्रारींचे मूळ सैलपणात नसते. काही स्त्रियांचे हे स्नायू सदैव आखडलेले असतात. संबंधाच्या वेळी दुखते, लघवीला अडखळत होते. अशा वेळी केगेलने दुखणे वाढू शकते. त्यांना आधी पोटाने संथ श्वास घेत हा भाग ढिला सोडायला शिकवतात; आवळण्याचा सराव नंतर, तोही गरज असली तरच.