प्रादेशिक ऊर्जाबचत कार्यक्रम आणि ऊर्जा मदत केंद्र

एखादं खोरं, दोनचार जिल्हे किंवा वीज कंपनीचं एखादं परिमंडळ घेऊन तिथल्या लोकांना तोच उजेड, तेच पाणी आणि तीच हवा कमी विजेत मिळावी म्हणून पैसा, मुदत आणि मोजमाप ठरवून आखलेला कार्यक्रम, आणि त्याच्या जोडीला लोक बिल घेऊन येतील, शंका विचारतील, मीटर लावून बघतील अशी एक कायमची जागा. बल्ब वाटप, स्टार लेबल, 'वीज वाचवा'ची पोस्टरं सगळ्यांच्या ओळखीची आहेत म्हणून त्यावर इथे वेगळं लिहिलेलं नाही. नोंद नियोजनाबद्दल आहे.

उगम : ही कल्पना नेमकी कुणाची यावर एकमत नाही. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा झाला आणि मोठ्या वीज-गॅस कंपन्यांना घरोघरी ऊर्जा तपासणीची सोय द्यावी लागली, काहीजण इथूनच सुरुवात धरतात. 'डिमांड साइड मॅनेजमेंट' (पुढे डीएसएम), म्हणजे वीज वाढवण्याऐवजी ग्राहकाकडची मागणी आवरणं, हे नाव तिथल्या वीज संशोधन संस्थेतल्या क्लार्क गेलिंग्स यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला रूढ केलं असं सर्वसाधारणपणे मानतात. 'नेगावॅट' म्हणजे न वापरलेला वॅट, हा शब्द अमेरिकन ऊर्जा-अभ्यासक अमोरी लव्हिन्स यांच्या नावावर आहे, आणि तो कोलोरॅडोच्या वीज आयोगाच्या कागदात 'मेगावॅट'च्या जागी झालेल्या टायपिंगच्या चुकीतून आपल्याला सुचला असं ते स्वतः सांगत. शब्द कुणाचा हा प्रश्न तसा गौण आहे, कारण नाव मिळायच्या आधीच कॅलिफोर्नियात भौतिकशास्त्रज्ञ आर्थर रोझेनफेल्ड आणि त्यांचे सहकारी फ्रिज आणि इमारतींची मानकं करत होते.

'प्रादेशिक' हा भाग मात्र बऱ्यापैकी ठामपणे अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्याकडे नेता येतो. वॉशिंग्टन राज्यात पाच अणुभट्ट्या एकदम बांधायला काढल्या, खर्च हाताबाहेर गेला, त्यातल्या दोन सोडून द्याव्या लागल्या आणि १९८३ मध्ये त्यांचे सव्वादोन अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. ही घसरण चालू असतानाच १९८० मध्ये कायदा झाला, ऑरेगन, वॉशिंग्टन, आयडाहो आणि मोंटाना या चार राज्यांची मिळून एक नियोजन परिषद नेमली गेली आणि बचत हे वीजकेंद्रासारखंच एक साधन धरायचं, उलट खर्चाच्या तुलनेत तिला १० टक्के झुकतं माप द्यायचं असं कायद्यातच लिहिलं. म्हणजे नवं केंद्र बांधायच्या आधी त्याच युनिटांची बचत स्वस्तात होते का हे बघणं बंधनकारक झालं. नियोजनाच्या दृष्टीने खरा बदल हा.

त्याच प्रदेशात हूड रिव्हर या ऑरेगनमधल्या सफरचंद-नाशपातीच्या बागांच्या छोट्या काउंटीत १९८३ पासून एक प्रयोग झाला. सुमारे २ कोटी डॉलर खर्चून विजेवर गरम होणाऱ्या शक्य तितक्या सगळ्या घरांना छताचं-भिंतींचं इन्सुलेशन आणि खिडक्यांना जादा काचा बसवून द्यायच्या, तेही जवळपास फुकट, आणि जास्तीत जास्त किती घरं येतात ते बघायचं. पात्र घरांपैकी सुमारे ८५ टक्के घरांचं काम पूर्ण झालं. असं का झालं याची दोन उत्तरं देतात, एक म्हणजे फुकट होतं म्हणून, दुसरं म्हणजे गावातल्याच लोकांची सल्लागार समिती होती आणि शेजाऱ्याने शेजाऱ्याला सांगितलं म्हणून. फुकट असूनही लोक फिरकले नाहीत अशा योजना आपण सगळ्यांनीच बघितल्यात, त्यामुळे दुसरं उत्तर जास्त पटतं. अजून एक गोष्ट तिथे कळली, प्रत्यक्षात मोजलेली बचत कागदावरच्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली.

भारतीय धागा : आपल्याकडे हा विचार अमेरिकेतून आयात झाला असं लिहिलेलं सापडतं, ते अर्धंच खरं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी (१९३०–२००६) यांनी १९७४ पासून 'अस्त्र' या गटामार्फत खेड्यातल्या ऊर्जेवर काम केलं होतं. कर्नाटक सरकारने १९८० च्या दशकाच्या शेवटी वीजप्रकल्पांचा मोठा आराखडा केला तेव्हा रेड्डी आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये 'डिफेंडस' नावाचा पर्यायी आराखडा मांडला. त्यातला मुद्दा साधा आहे, लोकांना वीज नको असते, वीज ज्यासाठी लागते ते हवं असतं, म्हणून हिशोब कामापासून सुरू करायचा, किती घरांना दिवा, किती एकराला पाणी, आणि मग मागे मागे येत वीज किती लागेल ते काढायचं. अमेरिकन पद्धत वीज कंपनीच्या भारवक्रापासून (कुठल्या तासाला किती वीज लागते त्याच्या आलेखापासून) सुरू होते, ही माणसाच्या गरजेपासून, आणि ज्या घरात दिवाच नाही तेही घर या हिशोबात येतं. आपल्यासारख्या प्रदेशाला हीच रीत लागू पडते असं वाटतं.

महाराष्ट्रात दाभोळच्या (एन्रॉनच्या) वीजप्रकल्पाच्या करारावरून वाद पेटला तेव्हा पुण्यातल्या प्रयास या संस्थेत (स्थापना १९९४) गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि इतरांनी आकडे मांडून दाखवलं की महाग वीज विकत घेण्याआधी बचत आणि छोट्या पर्यायांचा हिशोब व्हायला हवा. पुढे २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, १ मार्च २००२ ला ऊर्जा दक्षता ब्यूरो म्हणजे बीईई, राज्यात त्या कायद्याचं काम महाऊर्जा या सरकारी संस्थेकडे, आणि २०१० मध्ये राज्य वीज नियामक आयोगाचे डीएसएम नियम, ज्यांनी वितरण कंपन्यांना त्यासाठी स्वतंत्र कक्ष, भार-संशोधन (कोण कधी किती वीज वापरतं याचा अभ्यास) आणि बहुवर्षीय आराखडा सांगितला.

हिशोबाची रीत : कार्यक्रम परवडतो का हे 'वाचवलेल्या युनिटची किंमत' काढून ठरवतात. उदाहरणार्थ पंखा. जुना ७५ वॅट, नवा बीएलडीसी (ब्रश नसलेल्या, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) २८ वॅट, फरक ४७ वॅट. रोज १२ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर साधारण १६९ युनिटं वाचतात. नव्या पंख्याला १,४०० रुपये जास्त लागले, तो १० वर्षं चालला आणि पैशावर १० टक्के व्याज धरलं तर वर्षाला २२८ रुपये पडतात, म्हणजे वाचवलेलं युनिट सुमारे १ रुपया ३५ पैशाला. वाटेतली तारांमधली गळती धरली तर याहून स्वस्त. एक लाख पंखे बदलले आणि रात्री दहाला त्यातले ७० टक्के चालू असले तर भार सुमारे ३.३ मेगावॅटने कमी होतो.

यातून दोन वजाबाक्या करायच्या असतात. ज्यांनी सवलत नसती तरी नवा पंखा घेतलाच असता ते फ्री रायडर, आणि बिल कमी आलं म्हणून जे पंखा जास्त वेळ चालवतात तो रिबाउंड. दुसऱ्या वजाबाकीवर अभ्यासकांत बराच वाद आहे, पण जिथे लोक पैशासाठी पंखा बंद ठेवून घामात झोपत होते तिथे तो जास्त चाललेला पंखा नुकसान म्हणून धरणं चूक आहे, तो कार्यक्रमाचा फायदाच आहे. खर्च-फायद्याच्या कसोट्या (समाजाला, ग्राहकाला, कंपनीला, बाकीच्या बिल भरणाऱ्यांना) १९८३ च्या कॅलिफोर्नियाच्या नियमावलीतून आल्या आणि थोड्याफार फरकाने आपल्याकडेही त्याच वापरतात.

शेतीपंप : महाराष्ट्रात प्रादेशिक कार्यक्रम म्हटलं की शेवटी गाडी इथेच येते. सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याला बीईईच्या पुढाकाराने देशातला पहिला शेतीपंप डीएसएम प्रयोग झाला, २,२०९ जुने पंप काढून पाच स्टारचे बसवले. पंप किती जुना-थकलेला आहे हे बांधावर सहज मोजता येतं. २०० लिटरचं बॅरल २५ सेकंदात भरलं म्हणजे सेकंदाला ८ लिटर, पाणी एकूण २० मीटर चढतंय म्हणजे पाण्याला मिळालेली ताकद १.५७ किलोवॅट, आणि तारेभोवती अडकवायच्या क्लॅम्प मीटरने मोटर ५ किलोवॅट खाताना दिसली तर कार्यक्षमता ३१ टक्के. ५२ टक्क्यांचा पंप हेच पाणी ३ किलोवॅटमध्ये देईल. बऱ्याचदा तर पंप बदलायचीही गरज नसते, चोक झालेला फूट व्हॉल्व्ह (पाण्यातल्या पाईपच्या टोकाची झडप) आणि अरुंद पाईप बदलला तरी फरक पडतो.

अडचण तंत्राची नाही. बिल हॉर्सपॉवरवर येतं तिथे वाचवलेल्या युनिटचा पैसा शेतकऱ्याच्या खिशात येत नाही, आणि एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना राज्यात वीजबिल माफच आहे. त्यामुळे बचतीचा फायदा सरकार आणि कंपनीकडे जातो, आणि नियोजन करणाऱ्याने पंपाचा सगळा खर्च तिकडूनच काढायला हवा, वर दुरुस्तीची हमी द्यायला हवी. शेतकऱ्याला हवी असते ती न जळणारी मोटर, कमी व्होल्टेजमध्ये वाइंडिंग जळून ऐन पाण्याच्या पाळीला चार दिवस गेले की त्याचं पीक जातं. हे समजून आखलेला कार्यक्रम आणि न समजता आखलेला यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

गावाने मिळून करायच्या गोष्टीचं उदाहरण म्हणून २००५ च्या सुमाराची अक्षय प्रकाश योजना सांगतात, लोडशेडिंगच्या काळात गावाने संध्याकाळी पंप, गिरण्या आणि तारेवर टाकलेले चोरीचे आकडे बंद ठेवायचे आणि बदल्यात घरातला दिवा चालू राहायचा. पुढे गावठाण फीडर, म्हणजे घरांच्या वीजवाहिन्या, शेतीपंपांच्या वाहिन्यांपासून वेगळे झाले आणि तिची गरज कमी झाली.

मदत केंद्र : जर्मनीत ग्राहक संघटनांची ऊर्जा सल्ला सेवा १९७८ पासून आहे. आपल्याकडे जवळचे प्रकार म्हणजे केंद्राच्या मदतीने जिल्ह्याजिल्ह्यात निघालेली अक्षय ऊर्जा दुकानं आणि ऊर्जा उद्यानं, पुण्यात पेशवे पार्कात असं उद्यान आहे. पण दुकानाचा भर विकण्यावर, उद्यानाचा दाखवण्यावर, आणि माणूस येतो तो बिल घेऊन. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क अशा ओळी असतात आणि बहुतेकांना त्यातली फक्त शेवटची रक्कम कळते. टेबलामागच्या माणसाने पेन घेऊन दाखवायचं, ताई, तुमची १३० युनिटं झालीत, पहिली १०० एका दराने आणि वरची ३० जवळपास दुप्पट दराने, म्हणजे वाचवायची आहेत ती ही वरची ३०. मग विचारायचं घरात पंखे किती, फ्रिज किती वर्षांचा, पाणी तापवायला काय. हे पाच मिनिटांचं बोलणं कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त काम करतं.

एलईडी बल्बची उजाला योजना (५ जानेवारी २०१५) अशा केंद्रांशिवायही ३६ कोटींहून जास्त बल्बांपर्यंत गेली हे खरं, खरेदीची किंमत ३१० रुपयांवरून ३८ वर आली. पण बल्ब कुणीही फिरवून बसवतो. पंखा, फ्रिज, पंप, पाईप यांना सल्ला लागतो, हप्ता लागतो, बिघडलं तर परत जायला जागा लागते, म्हणून तिथे वाटपाचा नमुना चालत नाही.

केंद्रासाठी खर्च फार नसतो. तालुक्याच्या बाजारपेठेत, शक्यतो एसटी स्टँडजवळ एक गाळा, बाजाराच्या दिवशी हमखास उघडा. आत प्लगमध्ये लावायचे चारपाच वॉटमीटर घरी न्यायला द्यायचे, एक क्लॅम्प मीटर, शेजारी शेजारी फिरणारे जुना आणि नवा पंखा ज्यांचे वॅट समोर दिसतात, कापून ठेवलेला फूट व्हॉल्व्ह. माणसं दोन, एक वायरमनचं काम केलेला आणि एक बचत गटांना ओळखणारी बाई. पगाराची तरतूद कार्यक्रमाच्या मुदतीपुरती न करता वितरण कंपनीच्या नियमित खर्चात धरावी लागते, आयोगाने मंजूर केलेला डीएसएम खर्च दरात घेता येतो.