व्हायरल लोड आटोक्यात, पण सिगारेटचं काय?

एचआयव्ही असलेल्या माणसाला क्लिनिकमध्ये दर वेळी तेच प्रश्न विचारतात, गोळ्या वेळेवर घेताय ना, सीडी-४ (म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी) किती आला, व्हायरल लोड (म्हणजे रक्तातला व्हायरस) किती. दिवसाला किती सिगारेटी ओढता हे मात्र बऱ्याचदा विचारायचं राहूनच जातं, आणि विचारलंच तर "जरा कमी करा" म्हणून पुढचा पेशंट. मला वाटतं खरा घोळ इथेच आहे.

आकडेच बघा ना. २०१३ मध्ये डेन्मार्कमधल्या हजारो लोकांच्या माहितीवरून एक हिशोब मांडला गेला, की उपचार चालू असलेल्या ३५ वर्षांच्या एचआयव्ही पेशंटची एचआयव्हीमुळे आयुष्यातली साधारण ५ वर्षं जातात आणि सिगारेटमुळे १२! नंतर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी अंदाज काढला की एआरटी (म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) नीट घेणारा पण सिगारेट चालू ठेवणारा माणूस एड्सपेक्षा फुफ्फुसाच्या कॅन्सरने जाण्याची शक्यता ६ ते १३ पट जास्त.

असं का, तर व्हायरस दबलेला असला तरी शरीरात बारीक सूज आतल्या आत धुमसतच राहते, त्यात धूर गेला की रक्तवाहिन्यांवर दुहेरी मार बसतो. फुफ्फुसातल्या रक्षक पेशीही धुराने ढिल्या पडतात, म्हणून न्यूमोनिया आणि टीबी यांना आयतीच वाट मिळते.

बरं, हे लोक सिगारेट ओढतातही जास्त. अमेरिकेत २००९ मध्ये उपचार घेणाऱ्यांपैकी ४२ टक्के ओढत होते, एकूण प्रौढांमध्ये मात्र २१ टक्केच. डिप्रेशन, एकटेपणा, आजार लपवायचं टेन्शन, दारू, सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि १९९६ च्या आधी, म्हणजे एकत्रित औषधं येण्यापूर्वी, "आता सोडून काय फरक पडणारे" हे खरंच वाटायचं. तो विचार अजून पुरता गेलेला नाही. शिवाय एचआयव्ही असलेल्यांच्या शरीरात निकोटीन सरासरीपेक्षा लवकर विरतं असं दिसलंय, म्हणजे तलफ लवकर येणार. अशा माणसाला "मनावर घ्या, सुटेल" सांगणं म्हणजे नुसती तोंडाची वाफ.

मग उपाय काय? निकोटीनचा पॅच आणि गम एआरटीसोबत बिनधास्त चालतात. गम मात्र बरेच जण साध्या च्युइंगगमसारखा कचाकचा चावतात आणि मग उचकी लागते, पोटात ढवळतं, "हे काही कामाचं नाही" म्हणून फेकून देतात. तो हळू चावायचा, जिभेला झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचा, झिणझिण्या थांबल्या की परत थोडा चावायचा. आणि त्या आधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटीन तोंडातून नीट शोषलंच जात नाही.

व्हॅरेनिक्लीन नावाची सिगारेट सोडवायची गोळी बहुतांश लघवीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते, म्हणून एआरटीशी तिची फारशी भांडणं होत नाहीत. फ्रान्समध्ये एचआयव्ही असलेल्यांवरच ट्रायल झाली, वर्षाच्या शेवटी गोळीवाल्यांपैकी १५ टक्के सिगारेटपासून लांब होते आणि खोट्या गोळीवाल्यांपैकी ६ टक्के. आकडा छोटा वाटतो, पण सिगारेट सोडण्याच्या बाबतीत हे चांगलं यश आहे. बुप्रोपिऑन या सिगारेट सोडवायच्या दुसऱ्या गोळीचं मात्र जपून, इफाविरेंझ किंवा रिटोनाविर ही एचआयव्हीच्या उपचारातली औषधं चालू असतील तर बुप्रोपिऑनचं रक्तातलं प्रमाण घसरतं, तेव्हा कुठल्या गोळ्या चालू आहेत ते डॉक्टरला आधी सांगायचं.

औषधाच्या जोडीला काउन्सेलर हवाच, आणि एआरटीसाठी माणूस नेमाने येतोच की, त्याच भेटीत हा विषय काढायला वेगळी रांग कशाला? मधेच एखादी ओढली गेली तर रागावायचं नाही, कुठल्या वेळी, कोणासोबत ओढली ते विचारायचं आणि पुढची भेट लवकरची द्यायची.

सोडल्यावर हृदयविकाराचा धोका दोन-तीन वर्षांत चांगलाच उतरतो. फुफ्फुसाच्या कॅन्सरचा मात्र पाच वर्षांनंतरही चढाच राहिलेला दिसलाय, म्हणून वर्षानुवर्षं ओढून सोडलेल्यांनी छातीच्या तपासणीबद्दल डॉक्टरला विचारत राहायचं.