कन्सोलची किंमत वेगळी, भाव वेगळा

नवा कन्सोल, म्हणजे व्हिडिओ गेम खेळायचं मशीन, आला की नागपुरातल्या बर्डीच्या बाजारातल्या काउंटरपासून कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत एकच सल्ला ऐकू येतो: "आत्ता महाग आहे, थांब थोडं, उतरेल." या सल्ल्यात दोन निराळ्या गोष्टी कालवलेल्या आहेत. डब्यावर छापलेली असते ती किंमत, आणि ती कंपनी ठरवते. दुकानदार तोंडी सांगतो तो भाव, आणि तो मालाच्या चणचणीवर ठरतो. भाव उतरतो. किंमत मात्र आताशा उतरत नाही. हा फरक न कळल्यामुळे लोक थांबायचं तिथे घाई करतात आणि घ्यायचं तिथे वर्षानुवर्षं ताटकळतात.

भावाबद्दल फार सांगायला नको. कळमन्याच्या घाऊक बाजारात संत्र्याची आवक घटली की काय होतं, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. सोनीचा प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला आला, डिस्कवाल्या मॉडेलची छापील किंमत ४९,९९० रुपये. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली आणि मग तोच डबा चढ्या भावाने हातोहात फिरू लागला. पुढे माल नियमित यायला लागला तसा वरचा पैसा आपोआप गळून पडला. ज्यांनी धीर धरला त्यांचे पैसे वाचले. इथवर "थांब" हा सल्ला बरोबर होता.

घोळ होतो तो किंमतीत. आपल्या मनात जुना हिशेब पक्का बसलाय. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००२ मध्ये १९९ वर उतरला. प्लेस्टेशन ४ हा २०१३ साली ३९९ डॉलरला आला, २०१६ मध्ये त्याचं स्लिम मॉडेल २९९ ला मिळू लागलं. चिप दर दोन-तीन वर्षांनी लहान आणि स्वस्त होत होती, कंपनी तो फायदा किंमतीत सोडत होती. तो काळ गेला. चिप लहान करणं आता स्वस्त राहिलेलं नाही, त्यात अमेरिकेच्या आयात शुल्काची भर पडली. प्लेस्टेशन ५ ची भारतातली छापील किंमत नोव्हेंबर २०२२ मध्ये ४९,९९० वरून ५४,९९० झाली. अमेरिकेत ऑगस्ट २०२५ मध्ये तो ४९९.९९ वरून ५४९.९९ डॉलरवर गेला. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स तिथे ४९९ ला आला होता, ऑक्टोबर २०२५ पर्यंत ६४९.९९ झाला. म्हणजे ज्याने "दोन वर्षांत स्वस्त होईल" म्हणून पैसे राखून ठेवले, त्याला त्याच मशीनला जास्त मोजावे लागले. सणासुदीला मिळणारी काही हजारांची सूट ही किंमत उतरल्याची खूण नाही. ऑफर संपली की डबा पुन्हा पूर्वीच्या आकड्यावर.

तेव्हा "महाग आहे" म्हणण्याआधी आकड्याचे दोन तुकडे करा. छापील किंमत किती? तिच्यावर जास्तीचे किती मागतोय? दुसरा तुकडा मोठा असेल तर थांबा, माल येईल तसा तो विरघळेल. दुसरा तुकडा शून्य असेल आणि तरीही आकडा परवडत नसेल, तर थांबून काही हाती लागायचं नाही. मग जुन्या पिढीचा कन्सोल किंवा वापरलेला पीस बघावा, हे माझं ठाम मत.

जास्तीचा तुकडा बरेचदा उघड दिसत नाही. "कन्सोल छापील किंमतीलाच देतो, पण सोबत एक कंट्रोलर आणि एक गेम घ्यावाच लागेल," असं सांगितलं जातं. समजा एकूण ६६,००० मागितले. त्यातला ५,००० चा गेम तुम्ही घेणारच होता, पण ६,००० चा दुसरा कंट्रोलर नको होता. मग ६६,००० मधून फक्त हवी असलेली वस्तू वजा करा. कन्सोल ६१,००० ला पडला, छापील किंमत ५४,९९०, म्हणजे चढा भाव ६,०१० रुपये. कंट्रोलर "फुकटात आला" असं समजून लोक खूश होतात, याचं फार वाईट वाटतं. छापील किंमतीहून उघडपणे जास्त घेणं तर कायद्यानेच गुन्हा आहे. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा वैधमापन शास्त्र विभागाकडे करता येते, पण हातात बिल हवं.

आता निन्टेंडो या जपानी कंपनीचा कन्सोल, स्विच २. तो ५ जून २०२५ ला जगभर आला आणि चार दिवसांत ३५ लाखांहून जास्त विकला गेला. निन्टेंडो तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. म्हणून धरमपेठेत काय किंवा सदरला काय, दिसतो तो बाहेरून आणलेला पीस. त्याला कंपनीने ठरवलेली भारतातली छापील किंमतच नाही, आहे तो निव्वळ भाव. त्यामुळे "याची खरी किंमत काय" या प्रश्नाला उत्तर नाही आणि "एमआरपीवर किती कमी कराल" हे विचारण्यात अर्थ नाही. चार ठिकाणी फोन करा. एकाच दिवशी तीन-चार दुकानांत माल असेल आणि आकड्यांत हजार-पाचशेचाच फरक असेल, तर भाव स्थिरावला. एकाकडेच असेल आणि तो "शेवटचा पीस" म्हणत असेल तर सोडून द्या.

डॉलरचा गुणाकार करून दुकानदाराला लुटारू ठरवणं मात्र बंद व्हायला हवं. स्विच २ अमेरिकेत ४४९.९९ डॉलरला आला, ८५ रुपयांचा डॉलर धरला तर सुमारे ३८,२५० रुपये. पण अमेरिकेतला आकडा विक्रीकर सोडून असतो, आपली छापील किंमत सगळे कर धरून. शिवाय रीतसर आयात झाली तर मालाच्या मूल्यावर सीमाशुल्क, त्या शुल्काच्या १० टक्के अधिभार, आणि या सगळ्याच्या बेरजेवर आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी, लागतो. ३८ हजारांना मिळाला तरच प्रामाणिक, ही अपेक्षाच चुकीची आहे.

व्होल्टेज आणि पिन यांवर लोक उगाच डोकं शिणवतात. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे, पिनचा कन्व्हर्टर कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो. खरी अडचण जपानी पीसमध्ये आहे. जपानात स्विच २ दोन प्रकारांत आला: फक्त जपानी भाषेचा ४९,९८० येनला आणि बहुभाषी ६९,९८० येनला. फरक २०,००० येनचा, म्हणजे त्या वेळच्या दराने साडेअकरा हजार रुपयांच्या आसपास. बाकी सगळ्यांपेक्षा दहा हजारांनी स्वस्त सांगितलेला पीस बहुतेक हाच असतो. त्यात इंग्रजी मेनू येत नाही, आणि देश म्हणून जपान निवडलेलं निन्टेंडो खातंच त्याला जोडता येतं. अमेरिकेच्या खात्यावर आधी घेतलेले डिजिटल गेम त्यावर येणार नाहीत. हा स्वस्त भाव नव्हे, ही वस्तूच दुसरी. काउंटरवर कन्सोल सुरू करायला लावा आणि पहिल्याच स्क्रीनवर भाषांची यादी दिसते का ते बघा. सील तोडायला दुकानदार तयार नसेल तर "फक्त जपानी निघाला तर परत घेऊ" हे बिलावर लिहून घ्या.

बिल पक्कंच हवं. जीएसटी क्रमांक १५ अक्षरी, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होणारा, वस्तूपुढे एचएसएन (मालाच्या वर्गाचा कोड) ९५०४ आणि कन्सोलचा सिरियल नंबर. रीतसर आयात मालाच्या डब्यावर आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि सर्व करांसहित किंमत असलेलं स्टिकर चिकटवलेलं असतं. ते नसेल तर दुकानदार म्हणतो ती "एक वर्षाची वॉरंटी" ही कंपनीची नसून त्याच्या दुकानाची आहे. ती कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या बिघाडाला लागू, हे त्याच बिलाच्या मागे त्याच्या सहीशिक्क्यानिशी लिहून घ्या.