छातीवरचा पक्षी

चीनच्या दरबारात कोण किती मोठा साहेब हे विचारावं लागत नसे. छातीकडे पाहिलं की कळे. तिथे साधारण फूटभर लांबीरुंदीचा भरतकामाचा चौकोन असे. मिंग राजवटीने १३९१ मध्ये हा दंडक घातला, चिंग राजवटीने १६५२ मध्ये तो थोडाफार बदलून पुढे चालवला. मुलकी अधिकाऱ्यांना पक्षी, लष्करी अधिकाऱ्यांना प्राणी. पहिल्या श्रेणीला क्रौंच, तिसरीला मोर, सहावीला बगळा. तळाच्या नवव्या श्रेणीला स्वर्गीय नर्तक, म्हणजे एवढ्या देखण्या पक्ष्यावर तसा अन्यायच!

नियम सरकारचा, खर्च मात्र ज्याचा त्याचा. चिंग काळातला झगा पुढून उघडा असल्याने छातीवरचा चौकोन दोन तुकड्यांत असे, पाठीवरचा अखंड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पैसे मोजून पदं घेण्याचं प्रमाण वाढलं. मग ढग, लाटा, सूर्य असा बाकीचा देखावा तयार ठेवून पक्षी वेगळा भरून वरून टाचायची सोय निघाली. बढती मिळाली की पक्षी तेवढा बदलायचा!

सोनेरी धागा जवळून पाहण्यासारखा. आपल्याकडच्या जरीत चपटी केलेली धातूची तार रेशमावर गुंडाळतात. इथे कागदावर सोन्याचा वर्ख चिकटवून त्याच्या बारीक पट्ट्या रेशमी दोऱ्याभोवती वेढलेल्या असतात. असा धागा कापडातून आरपार ओढला तर वर्ख सोलवटतो. म्हणून तो पृष्ठभागावर अंथरून दुसऱ्या बारीक रेशमी दोऱ्याच्या टाक्यांनी जागोजाग बांधतात. सोनं वरच राहतं, वायाही जात नाही.

रंगांवरून वयाचा अंदाज येतो. जुना निळा निळीचा. गुलाबी-लाल बरेचदा करडईच्या फुलांचा, आणि तो उजेडात फार लवकर विटतो. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये प्रयोगशाळेत कृत्रिम जांभळा रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत तसले भडक रंग चीनमध्येही पोचले. त्यामुळे ‘अठराव्या शतकातला’ म्हणून विकायला आलेल्या चौकोनाच्या मूळ भरतकामात रासायनिक तपासणीत असा रंग सापडला, तर तो दावा तिथेच निकालात निघतो.

काही चौकोनांत मोरपिसाचे तंतू रेशमावर गुंडाळून वापरलेले असतात. त्यांचा निळा-हिरवा रंग रंगद्रव्याचा नव्हे. पिसातल्या मेलॅनिनच्या (केसांना काळेपणा देणारा पदार्थ) अतिसूक्ष्म कांड्यांच्या जाळीवरून प्रकाश परततो, त्यातून तो दिसतो. शेजारचं करडईचं गुलाबी पार उडून गेलं तरी हे तंतू झळकत राहतात. त्यांना भीती कसरीची. पीस म्हणजे केराटिन, नखं-केस ज्याचे बनतात ते प्रथिन, आणि कसरीच्या अळ्यांना ते चांगलंच पचतं.